बंद दार आणि पेटती शेगडी

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी ठरल्यासारखी येते. थंडी फार म्हणून खोलीत शेगडी पेटवली, दार लावून झोपले, सकाळी कोणी उठलंच नाही. गावं बदलतात, आकडे बदलतात. कधी वीटभट्टीवरचं कुटुंब असतं, कधी बांधकामावरचे मजूर, कधी सहलीला गेलेली मंडळी. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून गेलेले आठ पर्यटक हॉटेलच्या एकाच खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. त्यांत चार मुलं होती. आठांपैकी एकही वाचलं नाही. खोली आतून बंद होती.

धुराने घुसमटलेला माणूस खोकतो, दचकून जागा होतो, दाराकडे धावतो. या घटनांमधली बहुतेक माणसं जागीच होत नाहीत, आणि सगळी गोम तिथे आहे. हिवाळ्यात घर उबदार कसं ठेवावं याचा आढावा घ्यायचा तर सुरुवात या न दिसणाऱ्या, वास नसलेल्या वायूपासूनच करायला हवी. बाकीच्या चुका माणसाला सावरायला थोडा तरी अवधी देतात.

कोळशाची शेगडी चांगली फुलली की तिच्यावर मधूनमधून निळसर ज्योती नाचताना दिसतात. तो जळणारा कार्बन मोनॉक्साइड असतो. जाळीखालून आलेली हवा तळच्या निखाऱ्यांना लागते तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लालभडक थरातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा मोनॉक्साइड होतो. वर मोकळी हवा आणि पुरेशी धग असली तर तो त्या निळ्या ज्योतीने जळून जातो. निखारे मंदावले, वर राख धरली, की ज्योत दिसेनाशी होते, पण वायू निघतच राहतो. म्हणजे ‘आता धूर गेला, निखारे छान झाले, शेगडी आत घ्या’ असं आपण ज्या वेळी म्हणतो, नेमकी तीच वेळ घातक. सकाळपर्यंत विस्तव टिकावा म्हणून निखारे राखेखाली पुरून ठेवायची आपली जुनी रीत उघड्या पडवीत चालून जायची. बंद खोलीत ती जीव घेते.

किती वायू निघतो याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलो लोणारी कोळसा शेगडीत जळताना दीड-दोनशे ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सहज बाहेर पडतो. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली धरली तर तिच्यात साधारण ३० घनमीटर हवा मावते. दीडशे ग्रॅम वायू आतच राहिला तर दर घनमीटरला ५००० मिलिग्रॅम झाला. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी घालून दिलेली मर्यादा तासाभरासाठी ३५ मिलिग्रॅम आहे. फटीफटीतून बराचसा वायू निघून गेला असं मानलं तरी उरतो तो मर्यादेच्या कितीतरी पट.

हा वायू रक्तात काय करतो हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास उलगडून दाखवलं. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतं. हवेत प्राणवायू भरपूर असला तरी तो वाहून नेणारी जागाच अडलेली असते. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. जागा असलेला माणूस याला पित्त समजतो किंवा थंडी बाधली म्हणतो, आणि दार आणखी घट्ट लावून घेतो. पुढे पायांतली शक्ती जाते. शुद्ध असते, काहीतरी बिघडलंय हे कळतही असतं, पण उठून कडीपर्यंत जाता येत नाही. दाराजवळ सापडलेल्या माणसांच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवावं. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत धोका दुहेरी आहे, कारण पोटातल्या बाळाचं रक्त हा वायू आईच्या रक्ताहून अधिक काळ धरून ठेवतं.

ओळखायची खूण एकच, पण ती पक्की आहे. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, आणि बाहेर अंगणात किंवा गॅलरीत गेल्यावर बरं वाटलं, तर तो अन्नातला बिघाड नव्हे. दारं-खिडक्या उघडायची, सगळ्यांना बाहेर काढायचं, शेगडी किंवा गॅस विझवायचा आणि १०८ ला फोन करायचा. दवाखान्यात पोचल्यावर ‘खोलीत शेगडी होती’ किंवा ‘गॅसचा गीझर चालू होता’ हे वाक्य आधी सांगायचं, कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरल्यासारखंच दिसतं आणि बेशुद्ध माणसाच्या बोटावर ९८ चा आकडा झळकतो. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघून जायला चार-पाच तास लागतात. मास्क लावून शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात तेवढं काम होतं. घरी आणून कांदा हुंगवण्यात, तळपाय चोळण्यात गेलेला प्रत्येक तास मेंदूला महाग पडतो. वाचलेल्या काही जणांना दोन-चार आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं, स्वभाव बदलणं असे त्रास सुरू होतात. म्हणून शुद्धीवर आला, घरी सोडलं, झालं, असं समजू नये.

यावरच्या घरगुती तोडग्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ते तोंडोतोंडी पसरतात आणि त्यांच्या भरवशावर माणसं निर्धास्त झोपतात. शेगडीजवळ पाण्याचं पातेलं ठेवलं की ‘गॅस पाण्यात शोषला जातो’, हा त्यांतला सगळ्यांत घातक समज. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. खोलीत कुंडी ठेवून उपयोग नाही. खिडकीची एक फट ठेवली की भागतं, हेही खरं नाही. वारा पडलेल्या रात्री त्या फटीतून फारसं काही आत-बाहेर होत नाही. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका आणि सगळीकडे सारखा पसरणारा, त्यामुळे खाली झोपलेला वाचतो आणि खाटेवरचा जातो किंवा याच्या उलट, असलं काही नसतं. आगीचा धूर ओळखणारं यंत्र या वायूला ओळखत नाही. त्याच्यासाठी वेगळा अलार्म मिळतो. तो झोपायच्या खोलीत बसवायचा आणि त्यावरची मुदत संपली की बदलायचा. आपल्या घरांत तो क्वचितच दिसतो. गॅसचा गीझर विकत घेणाऱ्या प्रत्येकाने त्याच पावतीवर हा अलार्मही घ्यावा, असं माझं मत आहे.

मग पूर्वी लोक शेगड्या घेऊन झोपतच होते, ते कसे जगले? हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि त्यात तथ्य आहे. कौलारू घराला छताशी शेकडो फटी असत. कौलांच्या खाचांतून, वाशांच्या टोकांतून, दाराखालच्या बोटभर जागेतून हवा सारखी खेळती असे. ऊब त्याच वाटेने निघून जाई आणि सोबत विषही. आज स्लॅब आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना रबराच्या पट्ट्या आहेत, दाराखाली थंडी येऊ नये म्हणून ब्रश बसवलेला आहे. घर पार बदललं आणि शेगडी तीच राहिली. जुन्या घराचं कौतुक म्हणून मी हे सांगत नाही. त्या घरांत चुलीसमोर जन्म काढलेल्या बायकांच्या छातीत आणि डोळ्यांत त्या धुराने काय केलं, ते आपण पाहिलेलं आहे. पण जुन्या व्यवस्थेत एक शहाणपण होतं: जाळ शक्यतो माणसाच्या झोपण्याच्या जागेबाहेर असायचा. शेकोटी अंगणात, पाणी तापवायचा तांब्याचा बंब परसात नाहीतर मागच्या पडवीत. मधल्या नळीत ढलप्या आणि गोवऱ्या जळायच्या, धूर तिथेच उघड्यावर जायचा, आणि न्हाणीत यायचं ते फक्त कढत पाणी.

गॅसच्या गीझरने तो जाळ उचलून न्हाणीघराच्या आत आणला. सहा लिटरचा तात्काळ पाणी तापवणारा गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला किलोभर गॅस खातो. स्वयंपाकाच्या शेगडीच्या एका बर्नरच्या मानाने हे प्रमाण पाच-सहापट आहे. एक किलो एलपीजी पुरता जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आता फ्लॅटमधलं पाच बाय सातचं बाथरूम डोळ्यांसमोर आणा. त्यात हवा सारी आठ घनमीटर. दहा मिनिटं शॉवर चालला की जवळजवळ चौथ्या हिस्स्याच्या हवेतला प्राणवायू संपला. हवेतला प्राणवायू घटू लागला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण एकदम चढतं. आत माणूस एकटा, कडी लावलेली, वाफेने काच धुरकट झालेली, बाहेरच्यांना फक्त पाण्याचा आवाज. मेंदूविकारतज्ज्ञांकडे झटका येऊन किंवा बेशुद्ध होऊन आलेल्या काही रुग्णांचं मूळ असं गीझरमध्ये सापडलं आहे, आणि आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लिहिलं गेलं आहे. मिरगी समजून वर्षानुवर्षं गोळ्या चालू होण्यापेक्षा झटका कुठे आला, हे विचारलेलं बरं.

उपाय अवघड नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणायची. ते शक्यच नसेल तर बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मग आत जायचं. बसवणारा मुलगा ‘वरती एक्झॉस्टचं भोक आहे, चालतं’ म्हणेल. चालत नाही. बाहेर फेकणाऱ्या पंख्याला आत येणारी हवा लागते आणि बंद दाराच्या बाथरूममध्ये ती कुठून येणार?

विजेच्या हीटरवर आता यावं. त्याच्याबद्दल आधी एक गैरसमज दूर करतो. ‘हीटर प्राणवायू खातो’ असं सर्रास बोललं जातं. विजेच्या तारेत काही जळत नाही, तेव्हा प्राणवायू खर्च होण्याचा प्रश्न नाही. घशाला कोरड पडते, कारण हवा तापली की तिचा कोरडेपणा वाढतो. त्यासाठी पातेलंभर पाणी ठेवलं तर हरकत नाही. झोपायच्या खोलीत मोकळ्या जाळापेक्षा वीज केव्हाही बरी, हे निःसंदिग्धपणे सांगतो. विजेचा धोका वेगळा आहे आणि तो बहुतेक वेळा भिंतीतल्या पिनेपासून सुरू होतो.

दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास करंट ओढतो. आपल्या घरातल्या पलंगाशेजारच्या छोट्या पिना सहा अँपियरच्या असतात. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दीडपटही झाला नाही तरी उष्णता मात्र दुपटीवर जाते. मोठ्या पिनेचा हीटर छोट्या सॉकेटमध्ये बसवायला दुकानात जे कन्व्हर्टर मिळतात, ते या हिशेबाला दिलेलं सरळ आव्हान आहे. तीच गोष्ट मोबाइल-टीव्हीसाठी आणलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाची. हीटर सोळा अँपियरच्या सॉकेटमध्येच हवा, त्या सॉकेटमागे निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी, अर्थिंग खरोखर जोडलेलं हवं, आणि पेटीत करंट गळला की वीज तोडणारा तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी असला तर फारच उत्तम. जुन्या चाळींतल्या आणि वाड्यांतल्या वायरिंगवर इलेक्ट्रिशियनला न दाखवता हीटर लावूच नये. आणि एक साधी सवय: अर्धा तास चालल्यावर प्लगला बाहेरून हात लावून पाहायचा. तो गरम लागला, प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं किंवा जळकट वास आला, की थांबायचं. सैल बसलेली पिन हे विजेच्या आगीचं अगदी नेहमीचं मूळ आहे.

हीटर कोणता, यावर मतं वेगवेगळी ऐकू येतात. लाल सळईचे आणि हॅलोजनचे हीटर स्वस्त, समोर बसणाऱ्याला लगेच ऊब देणारे. पण रांगतं मूल, मांजर किंवा काठी टेकत चालणारं माणूस घरात असेल तर मी ते आणणार नाही. पंख्याचा ब्लोअर लहान खोली झटकन तापवतो; सकाळी आंघोळीनंतर कपडे बदलायला दहा मिनिटं, एवढंच त्याचं खरं काम. रात्रीसाठी तेल भरलेला, पंख्यांच्या पात्यांसारख्या कप्प्यांचा हीटर त्यातल्या त्यात सुरक्षित: उघडी तार नाही, थर्मोस्टॅट आपोआप बंद-चालू करतो, आणि आडवा पडला तर बंद होणारं मॉडेल निवडता येतं. आयएसआय चिन्ह पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि एसी घ्यायचाच असेल तर थंड-गरम दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी घ्यावा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते. बाहेर आठ-दहा अंश असलेल्या आपल्या थंडीत हे यंत्र अगदी सुखाने चालतं. दोन हजार वॉटचा हीटर पाच तास लावला की दहा युनिटं जातात, हे बिल भरणाऱ्याने मनात धरावं.

हीटरच्या चारी बाजूंना तीन फूट मोकळी जागा हवी. आपल्याकडे त्या जागेत येते ती मच्छरदाणी. नाहीतर हीटरवर वाळत घातलेले बाळाचे लंगोट, पलंगावरून लोंबणारी गोधडी. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ९ जानेवारी २०२२ रोजी एका उंच इमारतीत अशाच एका घरगुती हीटरमुळे आग लागली आणि सतरा माणसं गेली. आग फारशी पसरली नव्हती; आपोआप मिटायला हवं होतं ते दार उघडं राहिलं आणि धूर जिन्याने वर चढला. टॉवरमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी जिन्याची आगीची दारं वीट लावून उघडी ठेवू नयेत, याचं याहून वेगळं कारण सांगायला नको.

आता बाळंतिणीची शेगडी. हा विषय नाजूक आहे, कारण त्यात आई-आजीची माया गुंतलेली आहे. बाजेवर बाळंतीण, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली यांची धुरी, आणि ‘वारा लागेल’ म्हणून खिडक्यांना लावलेली चादर. शेकाने बाईच्या कमरेला आराम पडतो हे खरं. पण त्या खोलीत घरातलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत भराभर श्वास घेणारं माणूस झोपलेलं असतं. बाळाला ऊब हवी, हा आजीबाईंचा आग्रह शंभर टक्के योग्य आहे. नवजात बाळाचं तापमान साडेछत्तीसच्या खाली जाऊ देऊ नये, असंच आजचं वैद्यकही सांगतं. वाद आहे तो फक्त ऊब कशाने द्यायची, याचा.

याचं उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत मिळालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले; त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. आरोग्यदूताच्या पिशवीत तापमापक होता, आणि थंड पडणाऱ्या बाळासाठी कापडी, उबदार झोपायची पिशवी होती. बाळाला पुसून कोरडं करायचं, लगेच आंघोळ घालायची नाही, डोक्याला टोपडं, पायांत मोजे, पिशवीत गुंडाळायचं, आईच्या कुशीत द्यायचं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यायची पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही शिकवली जाते. यात कुठेच विस्तव नाही. बाळंतिणीला शेक द्यायचाच तर दिवसा, दारं-खिडक्या उघडून, बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून द्यावा, आणि झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर जावी.

म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. ती काटकसर करतात, हीटर लावत नाहीत, ‘आम्हाला सवय आहे’ म्हणतात. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, पहाटेच्या गारठ्यात हृदयावर ताण येतो. तेरा देशांतल्या कोट्यवधी मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात थंडीने घेतलेले बळी उष्म्याच्या बळींच्या कितीतरी पट निघाले, आणि त्यांतले बहुतेक कडाक्याच्या लाटेत नव्हे, तर साध्याशा थंडीत. जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ अंश असावेत असं सुचवते. पुण्या-नाशिकच्या पक्क्या फ्लॅटमध्ये बहुतेक रात्री तेवढे असतात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा रात्री पत्र्याच्या खोलीत १८ अंश मिळणं शक्य नाही. थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांत येतो. आईवडील गावी एकटे राहत असतील तर तो त्यांच्या पलंगाजवळ टांगावा आणि रोज फोनवर आकडा विचारावा.

मधुमेह असलेल्यांना एक इशारा द्यायलाच हवा. गरम पाण्याची पिशवी किंवा विजेची उशी पायाशी घेऊन झोपू नये. चव्वेचाळीस अंश हे काही चटका देणारं तापमान नव्हे, पण तेवढी उष्णता एकाच जागी सहा तास राहिली तर कातडी भाजते, हे १९४७ मध्ये छापलेल्या प्रयोगांनी सिद्ध केलेलं आहे. मधुमेहाने पाय बधिर झालेले असतील तर ते भाजताना कळतच नाही. फोड सकाळी दिसतो, आणि पुढे त्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अंथरूण पिशवीने आधी गरम करून घ्यावं आणि झोपताना ती बाजूला काढून ठेवावी.

थंडीत मुरलेल्या प्रदेशांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहिलं तर तेच सूत्र पुन्हा दिसतं. काश्मीरच्या जुन्या घरांतल्या हमाममध्ये दगडी फरशीखाली लाकडं जळतात, जाळ घालायचं तोंड बाहेरच्या बाजूला असतं आणि खोलीत येते ती फक्त फरशीची धग. तिथल्या बुखारी नावाच्या लोखंडी शेगडीला छतातून बाहेर जाणारं धुराडं असतं. याच्या उलट फेरन या सैल अंगरख्याच्या आत घ्यायची कांगडी: वेताच्या विणीतलं मातीचं भांडं, त्यात निखारे, पोटाशी धरलेलं. तिच्या रोजच्या शेकाने पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद श्रीनगरात काम करणारे मिशनरी डॉक्टर विल्यम एल्मस्ली यांनी १८६६ मध्येच केली होती. कोरियात ओंडोल नावाची तापवलेल्या फरशीची पद्धत शतकानुशतकं चालली. विसाव्या शतकात लाकडाऐवजी कोळशाच्या विटा आल्या, फरशीच्या बारीक भेगांतून वायू वर झिरपू लागला, आणि झोपेतल्या मृत्यूंनी तो देश अनेक वर्षं हादरत राहिला. परदेशी गेलेल्या आपल्या माणसांनीही हे विसरू नये. इंग्लंडमध्ये भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी घरमालकाकडे गॅसच्या वार्षिक तपासणीचा दाखला मागावा. तो देणं तिथे मालकावर बंधनकारक आहे. अमेरिकेत नव्याने गेलेल्यांनी वीज गेली म्हणून बार्बेक्यू किंवा जनरेटर घरात किंवा गॅरेजात लावू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या हिमवादळात कित्येक कुटुंबांवर याच कारणाने रुग्णालय गाठायची वेळ आली.

आपल्याकडे मात्र बहुतेक घरांना यंत्राची गरजच नसते. दिवसा दक्षिणेकडच्या खिडक्यांचे पडदे उघडे ठेवून ऊन आत घ्यायचं, सूर्य कलला की जाड पडदे ओढायचे, गार फरशीवर सतरंजी टाकायची. खोली तापवण्यापेक्षा माणसाला ऊब देणं नेहमीच सोपं आणि स्वस्त. आजीच्या लुगड्यांच्या थरांची गोधडी आणि वर घोंगडी, यांत साठलेली हवाच ऊब धरते. पांघरूण वरून दुप्पट घेतलं आणि खाली नुसती चटई असली तर उपयोग नाही. गारवा जमिनीतून येतो, तेव्हा खालचा थर जाड हवा.

पण गोधड्या ज्यांच्याकडे नाहीत, त्यांना हे सांगून काय होणार? बातम्यांतली नावं बहुतेक त्यांचीच असतात. बांधकामावरचे पत्र्याचे शेड रात्री बाहेरच्या हवेइतकेच गार होतात. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांवर पाचट आणि प्लास्टिकचा कागद असतो, म्हणजे आत जाळ केला तर गुदमरायची भीती आणि आगीचीही. त्यांना ‘शेगडी लावू नका’ म्हणणं आणि त्याबरोबर दुसरं काहीच न देणं, हे मला क्रूर वाटतं. दिल्ली परिसरातल्या प्रदूषण रोखण्याच्या आराखड्यात निवासी सोसायट्यांनी आपल्या पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत अशी सूचना आहे, म्हणजे ते कचरा आणि टायर जाळून शेकत बसणार नाहीत. नाशिक, नागपूर, पुण्याच्या सोसायट्यांना कोणाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही. पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये एक सोळा अँपियरचा सॉकेट आणि आठशे वॉटचा हीटर द्यावा; तो रात्रभर चालला तरी आठ युनिटांच्या आतबाहेर वीज जाईल. ठेकेदाराने पत्र्याला आतून थर्माकोल किंवा प्लायचं अस्तर लावावं, जमिनीपासून वर फळ्यांची झोपायची जागा करावी, माणशी दोन ब्लँकेटं द्यावीत. आणि स्वयंपाकाला वेगळी, उघडी जागा द्यावी, म्हणजे चुलीतले निखारे झोपायच्या शेडमध्ये येणारच नाहीत. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली झालेल्या केंद्रीय कायद्याच्या चौतिसाव्या कलमात कामाच्या जागेजवळ मोफत निवारा आणि त्याला जोडून स्वयंपाकाची स्वतंत्र सोय, दोन्ही मालकाने करावी, असं लिहिलेलं होतं.